मूत्रपिंडाची पांढरी मुळी

द्राक्षबाग बघायला गेलेला जाणता शेतकरी आधी पानांकडे पाहत नाही. खोडापासून हातभर अंतरावर, ठिबकच्या नळीखाली, तो बोटांनी माती उकरतो आणि पांढरी मुळी चालू आहे का ते बघतो. जाड तपकिरी मुळे वेलीला धरून ठेवतात, पण पाणी आणि अन्न उचलते ती केसासारखी बारीक पांढरी मुळी. ती कुजली, की वरून कितीही पाणी सोडले, कितीही खत दिले, तरी वेल ते घेत नाही. आणि पाने पिवळी पडून ही गोष्ट लक्षात येईपर्यंत तो हंगाम हातचा गेलेला असतो. निफाड-दिंडोरीकडे हे कोणाला समजावून सांगावे लागत नाही. मूत्रपिंडाच्या बाबतीत मात्र रुग्ण, नातेवाईक, पुष्कळसे डॉक्टर आणि सरकारी यंत्रणा असे आपण सगळेच अजून पाने पिवळी पडण्याची वाट बघत बसतो.

दीर्घकालीन मूत्रपिंडविकार हा फार मोठ्या प्रमाणात बारीक रक्तवाहिन्यांचा आजार आहे. मधुमेह आणि उच्च रक्तदाब यांतून येणारा विकार तर बहुतेक वेळा तिथेच सुरू होतो, आणि मूळ कारण कोणतेही असले तरी पुढची वाटचाल बारीक वाहिन्यांच्या जाळ्यातूनच होते. हे जाळे बिघडू लागल्याची खूण लघवीच्या एका साध्या तपासणीत अनेक वर्षे आधी सापडू शकते. असे असताना नाशिकसारख्या जिल्ह्यात मूत्रपिंडाच्या आरोग्याची प्रगती आपण डायलिसिसची यंत्रे किती वाढली यावर मोजतो. हे मोजमापच चुकीच्या टोकाला सुरू होते, असे माझे ठाम मत आहे.

या मताला माझ्या घरातले एक कारण आहे. माझी थोरली बहीण, आम्हा भावंडांची आक्का, पिंपळगाव बसवंतजवळच्या एका गावात राहते. तिला पंधराहून अधिक वर्षे साखरेचा आजार आहे. गेल्या काही वर्षांपासून आठवड्यातून तीन दिवस, दर वेळी चार तास, ती नाशिकला डायलिसिसला येते. डायलिसिस सुरू झाले तेव्हा तिच्या जुन्या कागदांची प्लास्टिकची पिशवी मी जमिनीवर पालथी केली आणि तारखेप्रमाणे सगळे रिपोर्ट लावले. त्यांत २०१३ सालचा एक कागद होता. तेव्हा आक्काचे वय ५८. क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड रक्तातून गाळून बाहेर टाकते तो टाकाऊ पदार्थ, १.१. शेजारच्या रकान्यात छापलेली मर्यादा ०.६ ते १.१. त्या आकड्यावर निळ्या शाईने बरोबरची खूण आणि खाली एकच शब्द : नॉर्मल.

वयाचा आणि लिंगाचा विचार करून क्रिएटिनिनवरून मूत्रपिंडाची गाळण्याची क्षमता काढण्याचे जे सूत्र २०२१मध्ये आले, त्यात हा आकडा घालून पाहिला तर उत्तर मिनिटाला सुमारे ५८ मिलिलिटर येते. २५ वर्षांच्या तरुणाचे क्रिएटिनिन नेमके तेवढेच, म्हणजे १.१, असेल, तर त्याच सूत्राने उत्तर ९५च्या आसपास येते. आकडा एक, अर्थ दोन. ही क्षमता तीन महिन्यांहून अधिक काळ ६०च्या खाली राहिली, तर त्याला दीर्घकालीन मूत्रपिंडविकार म्हणावे, असे आंतरराष्ट्रीय निकष सांगतात. म्हणजे ज्या कागदावर बरोबरची खूण झाली, तो कागद खरे तर तीन महिन्यांनी पुन्हा तपासून बघायला सांगणारा होता. त्याच सुमारास आक्का घरात म्हणाली होती, "लघवीला फेस येतो गं हल्ली," आणि संडासात टाकलेल्या पावडरीचा असेल, असे म्हणून तो विषय तिथेच संपला होता. मी चौतीस वर्षे शाळेत जीवशास्त्र शिकवले, दरवर्षी फळ्यावर नेफ्रॉनची, म्हणजे मूत्रपिंडातल्या एका बारीक गाळणीची आणि तिच्या नलिकेची, आकृती काढली. तरीही त्या फेसाचा अर्थ मी विचारला नाही, याचे दुःख मला आजही आहे.

ती आकृती आता मी वेगळ्या नजरेने पाहतो. दोन्ही मूत्रपिंडांचे मिळून वजन सुमारे ३०० ग्रॅम, शरीराच्या वजनाच्या अर्ध्या टक्क्याहूनही कमी. तरी हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्तापैकी पाचवा ते चौथा हिस्सा, म्हणजे मिनिटाला एक लिटरहून अधिक रक्त, एवढ्याशा जागेतून फिरते. प्रत्येक मूत्रपिंडात सरासरी दहा लाखांच्या आसपास नेफ्रॉन असतात आणि प्रत्येक नेफ्रॉनच्या तोंडाशी केशवाहिन्यांचा एक गुच्छ, ग्लोमेरुलस, असतो. बेडकाच्या फुफ्फुसात १६६१ साली ज्याने पहिल्यांदा केशवाहिन्या पाहिल्या, त्याच मार्सेलो माल्पिगीने पाच वर्षांनी मूत्रपिंडातल्या या गुच्छांचे वर्णन केले. शरीरात इतरत्र केशवाहिन्यांच्या एका बाजूला रोहिणिका, म्हणजे बारीक धमनी, आणि दुसऱ्या बाजूला नीलिका, म्हणजे बारीक नीला, असते. इथे मात्र दोन्ही टोकांना रोहिणिका आहेत, एक रक्त आत आणणारी आणि एक बाहेर नेणारी. दोन्हीकडे नियंत्रण असल्यामुळे गुच्छातला दाब ५० ते ६० मिलिमीटरपर्यंत, म्हणजे इतर बहुतेक केशवाहिन्यांच्या दुपटीच्या आसपास, ठेवता येतो. त्या दाबावर दिवसाला सुमारे १८० लिटर पाणी गाळले जाते, आणि त्यातले जवळजवळ सगळे परत घेऊन दीड-दोन लिटर तेवढे लघवी म्हणून बाहेर जाते.

शाळेत आपण इथे थांबतो. गाळणी समजली, की धडा संपला. पण गुच्छातून बाहेर पडलेली रोहिणिका पुढे पुन्हा एकदा केशवाहिन्यांत फुटते, आणि हे दुसरे जाळे नलिकांभोवती वेलीसारखे गुंडाळलेले असते. गाळलेल्यातले मीठ, साखर आणि पाणी परत घेण्याचे प्रचंड काम नलिकांना करावे लागते, आणि त्यासाठी लागणारा प्राणवायू त्यांना याच जाळ्यातून मिळतो. मूत्रपिंडाच्या आतल्या भागात हा पुरवठा मुळातच काठावरचा आहे. तिथे प्राणवायूचा दाब १० ते २० मिलिमीटर एवढाच असतो. इतके रक्त मिळणारा अवयव आतून इतका तहानलेला असावा, ही शरीररचनेतली मला सर्वांत विलक्षण वाटणारी गोष्ट आहे. जिथे मुळातच हातातोंडाशी गाठ आहे, तिथे जाळ्यातल्या थोड्या वाहिन्या गेल्या, तरी नलिकांची उपासमार सुरू होते.

या दुसऱ्या जाळ्याचे महत्त्व वैद्यकशास्त्रालाही उशिराच कळले. गाळणीचाच आजार आहे म्हणून सगळ्यांचे लक्ष गुच्छावर होते. रिझडन, स्लोपर आणि डी वॉर्डनर यांनी १९६८ साली दाखवून दिले, की गुच्छांना सूज असलेल्या रुग्णांतही मूत्रपिंडाचे काम किती घटले आहे याचा मेळ गुच्छांपेक्षा नलिका आणि त्यांच्या अवतीभवतीच्या जागेतल्या बिघाडाशी अधिक बसतो. पुढे १९९८ साली लिऑन फाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या सगळ्याला जोडणारा विचार मांडला : गुच्छ खराब झाला, की त्याच्या पुढच्या जाळ्याला रक्त कमी मिळते, प्राणवायू कमी पडला, की नलिकांच्या पेशी मरतात आणि आसपास जखमेच्या व्रणासारखे तंतू साठतात, ते तंतू उरलेल्या केशवाहिन्यांना दाबतात आणि प्राणवायू आणखी कमी होतो. केशवाहिन्यांना बाहेरून धरून ठेवणाऱ्या पेशीही या धावपळीत आपली जागा सोडतात आणि काही तर तंतूच तयार करू लागतात, त्यामुळे आधार गेलेल्या वाहिन्या मिटतात. चक्र एकदा फिरू लागले, की साखर आटोक्यात आणूनही ते पूर्ण थांबेलच, अशी खात्री राहत नाही. दुसऱ्या बाजूने, १९८२मध्ये ब्रेनर आणि सहकाऱ्यांनी दाखवलेली गोष्टही इथेच लागू होते : काही नेफ्रॉन गेले, की उरलेले त्यांचे काम अंगावर घेतात, त्यांच्या गुच्छांतला दाब वाढतो, आणि त्या जादा दाबानेच तेही लवकर खराब होतात. माणसाला जन्मानंतर नवा नेफ्रॉन मिळत नाही. कमी वजनाच्या बाळाला तर बहुधा जन्मतःच ते कमी मिळालेले असतात, ही गोष्ट सुरगाणा-पेठच्या कुपोषणाची चर्चा करताना आपल्या मनात असायला हवी.

आक्काच्या कागदांत आणखी एक गोष्ट सापडली. तिचे हिमोग्लोबिन वर्षानुवर्षे उतरत होते आणि दर वेळी लोहाच्या गोळ्या लिहून दिलेल्या होत्या. रक्तातल्या तांबड्या पेशी वाढवण्याचा निरोप देणारे एरिथ्रोपोएटिन हे संप्रेरक मुख्यतः मूत्रपिंडात, नलिकांभोवतीच्या या केशवाहिन्यांना लागून असलेल्या पेशींत तयार होते. ते कसे नियंत्रित होते याचा शोध घेताघेताच पीटर रॅटक्लिफ हे मूत्रपिंडतज्ज्ञ पेशीला प्राणवायूची कमतरता कशी समजते या प्रश्नाच्या मुळाशी पोचले, आणि केलिन व सेमेन्झा यांच्यासह त्यांना २०१९चे नोबेल मिळाले. आजारात या पेशी आपले काम सोडून देतात आणि निरोप जाणे कमी होते. बायकांना रक्त कमी असतेच, या आपल्याकडच्या सरावाच्या वाक्याने मधुमेही स्त्रीच्या मूत्रपिंडाने दिलेल्या किती सूचना आपण झाकून टाकल्या असतील, असा प्रश्न मला पडतो.

आता मुद्दा असा, की हे सारे क्रिएटिनिनमध्ये वेळेवर दिसत नाही. क्षमता निम्म्याच्या आसपास घटेपर्यंत क्रिएटिनिन छापील मर्यादेत राहू शकते, कारण उरलेले नेफ्रॉन ओझे उचलत असतात. लघवीतले अल्ब्युमिन मात्र पुष्कळ आधी बोलते. गुच्छातल्या केशवाहिन्यांची भिंत निरोगी असेल, तर अल्ब्युमिन हे रक्तातले मोठे प्रथिन जवळजवळ अडूनच राहते. भिंत बिघडली, की ते झिरपू लागते. आक्काच्या त्या फेसाचा अर्थ बहुधा हाच होता. लघवीत एक ग्रॅम क्रिएटिनिनमागे ३० मिलिग्रॅम किंवा अधिक अल्ब्युमिन सापडले आणि तीन महिन्यांत पुन्हा केलेल्या तपासणीतही ते तसेच राहिले, तर तो इशारा मानतात. ताप, लघवीचा जंतुसंसर्ग, अंगमेहनत यांनीही ते तात्पुरते वाढते, म्हणून एका आकड्यावर कोणाला रुग्ण ठरवू नये. लघवीत बुडवायची साधी पट्टी एवढे थोडे अल्ब्युमिन दाखवत नाही. गुणोत्तराचीच तपासणी हवी, आणि खाजगी प्रयोगशाळेत ती काही शे रुपयांत होते.

या तपासणीचे मोल मूत्रपिंडापुरतेच नाही. गुच्छातून अल्ब्युमिन झिरपते याचा अर्थ पुष्कळदा सबंध शरीरातल्या बारीक वाहिन्यांचे अस्तर दुखावले आहे, असा होतो. डोळ्याच्या पडद्यावर डॉक्टरांना जे प्रत्यक्ष दिसते, तेच मूत्रपिंडात न दिसता घडत असते. मूत्रपिंडविकाराचे बहुसंख्य रुग्ण डायलिसिसपर्यंत पोचतही नाहीत. त्याआधी हृदयविकाराने किंवा पक्षाघाताने जाण्याचा धोका त्यांना अधिक असतो. "किडनीने गेला" असे ज्यांच्याबद्दल आपण कधी म्हटले नाही, त्यांतल्या अनेकांच्या मूत्रपिंडातल्या वाहिन्यांनी आधीच सांगून ठेवले असेल, आणि ऐकणारे कोणी नसेल.

लवकर कळून करायचे काय, आजार बरा होतो थोडाच, असा आक्षेप मी डॉक्टरांकडूनही ऐकला आहे. तीस वर्षांपूर्वी त्यात बरेच तथ्य होते. आज नाही. रक्तदाबाच्या औषधांतला एक गट गुच्छातून रक्त बाहेर नेणारी रोहिणिका सैल करतो आणि आतला दाब उतरवतो; त्याने मधुमेही रुग्णांचे मूत्रपिंड अधिक काळ टिकते, हे कॅप्टोप्रिलच्या १९९३च्या चाचणीने आणि त्याच्या जवळच्या औषधांवरच्या २००१च्या चाचण्यांनी दाखवले. अलीकडच्या ग्लिफ्लोझिन गटातल्या गोळ्या दुसऱ्या टोकाला काम करतात : रक्त आत आणणारी रोहिणिका थोडी आवळून घेतात. म्हणजे उपचाराची दोन्ही टोके या केसाएवढ्या वाहिन्यांवरच आहेत. कॅनाग्लिफ्लोझिनच्या २०१९च्या चाचणीत ४,४०१ रुग्ण होते आणि मूत्रपिंड निकामी होणे, क्रिएटिनिन दुप्पट होणे किंवा मूत्रपिंड वा हृदयाच्या आजाराने मृत्यू येणे यांचा एकत्रित धोका ३० टक्क्यांनी घटला. डापाग्लिफ्लोझिनच्या २०२०च्या चाचणीत ४,३०४ रुग्णांत अशाच एकत्रित धोक्यातली घट ३९ टक्के होती, आणि त्यांत मधुमेह नसलेलेही होते. एके काळी ही औषधे महाग होती. डापाग्लिफ्लोझिन भारतीय कंपन्या काही वर्षे बनवत आहेत आणि एम्पाग्लिफ्लोझिनचे पेटंट मार्च २०२५मध्ये संपल्यावर त्याच्याही किमती खूप उतरल्या. कोणाला ही गोळी चालेल आणि कोणाला नाही, हे डॉक्टरांनीच ठरवायचे आहे. पण मला महत्त्वाचे वाटते ते असे, की या दोन्ही चाचण्यांत रुग्ण निवडले गेले ते त्यांच्या लघवीतले अल्ब्युमिन मोजून. ज्या पुराव्यावर औषध उभे आहे, तो पुरावा ज्या तपासणीने सुरू होतो, ती तपासणीच आपल्याकडे होत नसेल, तर औषध स्वस्त झाल्याचा लाभ नेमका कोणापर्यंत पोचणार?

मेलेल्या केशवाहिन्या पुन्हा उगवून आणणारे औषध मात्र आज रुग्णाच्या हाती नाही. प्रयोगशाळेत प्रयत्न चालू आहेत. म्हणूनच आहे ते जाळे टिकवणे हाच आजचा खरा उपचार आहे, आणि टिकवण्यासाठी ते अजून शिल्लक असताना रुग्ण सापडला पाहिजे.

नाशिकच्या संदर्भात दुखण्याच्या गोळ्यांबद्दल थोडे सविस्तर लिहिणे मला भाग आहे. फेब्रुवारी ते एप्रिल द्राक्षकाढणी चालते, पाठोपाठ खरड छाटणी येते, कांद्याची काढणीही याच दिवसांत. ऊन चढत जाते, मजूर टोळीने सकाळपासून मंडपाखाली हात वर करून उभे असतात, खांदे आणि कंबर धरते, आणि संध्याकाळी गावातल्या मेडिकलमधून चिठ्ठीशिवाय डायक्लोफेनॅकची गोळी घेतली जाते. उद्या कामावर जायचे असते. शरीरात पाणी कमी असते तेव्हा गुच्छात रक्त आणणारी रोहिणिका उघडी ठेवण्याचे काम प्रोस्टाग्लँडिन नावाची द्रव्ये करतात, आणि दुखण्याची गोळी नेमकी तीच बंद पाडते. रोहिणिका आवळते, पुढचे सगळे जाळे कोरडे पडते. त्यात तो माणूस रक्तदाबासाठी बाहेरची रोहिणिका सैल करणारी गोळी आणि लघवी वाढवणारी गोळी आधीच घेत असेल, तर तिन्ही मिळून एका आठवड्यात मूत्रपिंड अडचणीत येऊ शकते. यात मजुराचा दोष मला दिसत नाही. त्याला कोणी सांगितलेले नाही. बागेच्या बांधावर पिण्याचे पाणी, दुपारी सावलीत तासभर विसावा आणि "बीपीची गोळी चालू असेल तर दुखण्याची गोळी विचारल्याशिवाय नको" हे मेडिकलच्या काउंटरवर मराठीत लिहिलेले एक वाक्य, एवढ्याचा खर्च कोणत्याही योजनेला जड नाही.

उन्हात राबणाऱ्यांच्या बाबतीत माझ्याच मागणीची एक मर्यादा मान्य केली पाहिजे. आंध्र प्रदेशातल्या श्रीकाकुलम जिल्ह्यातील उद्दानम भागात आणि मध्य अमेरिकेतल्या ऊसतोड मजुरांत जो मूत्रपिंडविकार आढळतो, तो मुख्यतः नलिका आणि त्यांच्या अवतीभवतीच्या जागेत असतो, त्याचे कारण अजून पूर्ण उलगडलेले नाही, आणि त्यात लघवीत अल्ब्युमिन फारसे येत नाही. तिथे पहिले जाळे शाबूत राहते आणि दुसरे जाते. म्हणून लघवीच्या जोडीला रक्तातले क्रिएटिनिनही हवेच, आणि प्रत्येक प्रयोगशाळेने नुसता क्रिएटिनिनचा आकडा न छापता वय आणि लिंग धरून काढलेली गाळण्याची क्षमता त्याच्या शेजारी छापावी. त्याला नवे यंत्र लागत नाही, नवा माणूस लागत नाही. संगणकात एक सूत्र घालावे लागते. आक्काच्या कागदावर तो दुसरा आकडा छापलेला असता, तर निळ्या शाईची ती खूण झाली नसती, असे मला वाटते.

डायलिसिसच्या विरोधात मी एक अक्षर लिहिणार नाही. २०१६पासून राष्ट्रीय डायलिसिस कार्यक्रम आला, महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेतून उपचार मिळू लागला, आणि त्यामुळे माझी बहीण आज जिवंत आहे. तिच्या डाव्या हाताला शस्त्रक्रियेने धमनी आणि नीला जोडून केलेला फिश्चुला आहे. त्यावर बोट ठेवले, की मधमाशांच्या पोळ्यासारखी थरथर लागते. लाखो बारीक वाहिन्यांनी जे काम गुपचूप केले असते, त्यासाठी तिच्या मनगटाच्या वर बोटाएवढी जाड शीर फुगवावी लागली. सावळघाट पार करून पेठकडून येणारा एक तरुण शेजारच्या खुर्चीवर असतो. त्याच्या आठवड्याचे तीन दिवस जातात, सोबत येणाऱ्याचेही जातात, आणि दोघांची मजुरी बुडते. हा खर्च कोणत्याही योजनेच्या हिशेबात नाही. यंत्रे वाढवलीच पाहिजेत, सुरगाण्यात आणि पेठमध्येही. पण यंत्रांची रांग लांबत जाणे हे यश मानायचे, की आधीच्या दहा वर्षांतल्या निष्काळजीपणाची पावती मानायची, हे आपण एकदा स्वतःला विचारायला हवे.

कामाचे ओझे हा आक्षेप अधिक गंभीर आहे. तीस वर्षांपुढच्या लोकांची मधुमेह, रक्तदाब आणि तीन प्रकारचे कर्करोग यांसाठीची तपासणी आधीच आशाताई आणि आरोग्यसेविकांच्या खांद्यावर आहे. त्यांच्या मानधनाचे प्रश्न सुटलेले नाहीत, आणि मी त्यांना आणखी एक रकाना भरायला सांगतो आहे. म्हणून मागणी आटोपशीर ठेवली पाहिजे. सरसकट सगळ्या जिल्ह्याची लघवी तपासा, असे मी म्हणत नाही. तसे केल्याने लाभ होतोच असा भक्कम पुरावा नाही, आणि निरोगी माणसे नाहक घाबरतील. ज्यांना मधुमेह किंवा उच्च रक्तदाब आहे हे आधीच नोंदलेले आहे, जे दर महिन्याला गोळ्या घ्यायला आयुष्मान आरोग्य मंदिरात किंवा महापालिकेच्या दवाखान्यात येतातच, त्यांची वर्षातून एकदा लघवीतील अल्ब्युमिनची आणि क्रिएटिनिनची तपासणी व्हावी, एवढेच. मूत्रपिंडविकाराचे नाव राष्ट्रीय कार्यक्रमाच्या कागदांवर आलेले आहे. ते औषधाच्या खिडकीपर्यंत उतरले पाहिजे. देशात १०.१ कोटी लोकांना मधुमेह असल्याचा अंदाज भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पाहणीतून २०२३मध्ये पुढे आला. एवढ्या लोकांपैकी ज्यांची भिंत झिरपू लागली आहे त्यांना आज शोधायचे, की उद्या खुर्चीवर बसवायचे, हा निवडीचा प्रश्न आहे. महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ नाशिकमध्येच, म्हसरूळच्या वाटेवर आहे. जिल्हा परिषदेने आणि महापालिकेने त्याला सोबत घेऊन एका तालुक्यापासून सुरुवात करायला काही अडचण असेल, असे मला वाटत नाही. मी तरी निफाड सुचवेन.

गेल्या महिन्यात आक्काच्या मुलाला, माझ्या भाच्याला, मी जबरदस्तीने तपासणीला नेले. तो ३६ वर्षांचा आहे, दोन वर्षांपासून बीपीची गोळी घेतो, बाग तोच बघतो. प्रयोगशाळेतल्या मुलीने "लघवीत साखर बघायची ना, काका?" असे विचारले, अल्ब्युमिनचे गुणोत्तर, असे मी कागदावर लिहून दिले. दुसऱ्या दिवशी आकडा आला, ४८. क्रिएटिनिन ०.९, अगदी नॉर्मल. तो कागद हातात धरून भाचा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मामा, म्हणजे पांढरी मुळी आहे अजून, पण बघितलं पाहिजे." तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचे आहे. ती तारीख त्याने बागेच्या फवारणीच्या वहीत, छाटणीच्या तारखेखाली, लिहून ठेवली आहे.